कारचे इंडिकेटर घरी एलईडी करायचेत? बल्बला हात शेवटी लावा

दुकानातून दोन एलईडी बल्ब आणायचे, मागच्या लाइटमध्ये घालायचे, स्विच टाकायचा. इंडिकेटर नेहमीसारखा टकटक करायचं सोडून पिसाळल्यासारखा उघडझाप करायला लागतो. मग कुणीतरी सांगतं, "रेझिस्टर टाक." रेझिस्टर (जादा करंट खाऊन उष्णतेत घालवणारा छोटा भाग) येतो, जागा सापडत नाही म्हणून बंपरच्या आतल्या प्लास्टिकला डबल टेपने चिकटवला जातो आणि महिनाभरात तिथे वितळून खड्डा पडतो. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रकार मी चारदा तरी पाहिला. पहिल्यांदा गाडी माझीच होती.

दरवेळी आणलेल्या वस्तू ठीक होत्या, फक्त कामं उलट क्रमाने केली होती. म्हणून इथे क्रमावरच भर आहे. हे सगळं साध्या तारेच्या बल्बवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. कंपनीतूनच एलईडी इंडिकेटर आलेला असेल, तर त्याचं अख्खं युनिट बदलावं लागतं आणि या लेखाचा उपयोग नाही.

## १. उघडझाप कोण घडवतं, ते आधी शोधा

इंडिकेटरचा बल्ब स्वतःहून लुकलुकत नाही. त्याला मिळणारा करंट कुणीतरी तोडत-जोडत असतं. ते कोण, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

इंजिन बंद, चावी ऑन, रेडिओ-पंखा बंद, काचा वर. डावा इंडिकेटर टाका आणि आवाजाच्या मागे हात न्या: स्टिअरिंगखाली, फ्यूजबॉक्सपाशी, डॅशबोर्डच्या आत. तीनपैकी एक गोष्ट सापडेल.

जुन्या गाड्यांत काडेपेटीएवढी किंवा त्याहून लहान डबी असते, खाली दोन किंवा तीन पिना. बोट ठेवलं की प्रत्येक टकटकीला हादरा जाणवतो. हा सुटा फ्लॅशर. तुमची गाडी या गटात असेल तर काम सोपं आहे.

काही गाड्यांत डबी असते, पण पिना सात-आठ. हॅझर्डच्या बटणाचं सर्किटही तिच्यातच असतं. बाजारातला सरसकट तीन पिनांचा फ्लॅशर इथे चालत नाही. नेमक्या तुमच्या मॉडेलसाठीचा एलईडी फ्लॅशर मिळाला तर ठीक, नाहीतर ही गाडी तिसऱ्या गटात धरा.

तिसरा गट नव्या गाड्यांचा. वेगळी डबी नसतेच. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर इंडिकेटर चालवतो आणि टकटक बऱ्याचदा मीटरमधला स्पीकर नुसती ऐकवतो. इथे फ्लॅशर बदलायचा प्रश्नच येत नाही.

आता एक फुकटची परीक्षा. मागच्या एका बाजूचा जुना बल्ब काढा आणि त्या बाजूचा इंडिकेटर टाका.

- उघडझाप वेगाने झाली, तर गाडी करंट मोजते. एलईडी घातल्यावरही हेच होणार.
- उघडझाप मंदावली किंवा दिवा एकसारखा पेटून राहिला, तर फ्लॅशर जुन्या पद्धतीचा, तापणाऱ्या पट्टीवर चालणारा आहे. एलईडीवर तो चालणारच नाही.
- वेग जराही बदलला नाही, तर तुम्ही नशीबवान. बहुतेक नुसते बल्ब बदलून काम होईल.

यामागचा हिशेब असा. एका बाजूला साधारण २१ वॅटचे दोन बल्ब आणि फेंडरवरचा (पुढच्या चाकावरच्या पत्र्यातला) ५ वॅटचा एक, मिळून ४७ वॅट. १२ व्होल्टवर हे जवळपास ३.९ अँपिअर होतात. तीनही एलईडी झाल्यावर करंट बराच खाली येतो, बऱ्याचदा एक अँपिअरच्या आसपास. गाडीच्या दृष्टीने बल्ब उडाल्यासारखंच आहे, म्हणून ती वेग वाढवून तुम्हाला इशारा देते.

थांबा: गाडी वॉरंटीत असेल आणि तिसऱ्या गटातली असेल, तर मूळ वायर कापली की वायरिंगचा दावा अडकू शकतो. तिथे वायर न कापता मधे घुसणारे प्लग वापरा, किंवा वॉरंटी संपेपर्यंत थांबा. मी तरी थांबेन.

## २. बल्ब काढून त्याच्या टोपीवरचा नंबर वाचा

दुकानदाराला गाडीचं नाव सांगून बल्ब मागू नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत होल्डर वेगळा निघतो. पुढचा, मागचा आणि फेंडरवरचा असे तिन्ही बल्ब काढा आणि धातूच्या टोपीवर किंवा काचेच्या बुडाशी काय छापलंय ते मोबाइलवर टिपा. आपल्याकडे सहसा हे दिसतात:

- पी२१डब्ल्यू: पांढरी काच, दोन्ही पिना समोरासमोर. हा नारिंगी भिंगाच्या, म्हणजे लाइटच्या बाहेरच्या कव्हरच्या, आत असतो.
- पीवाय२१डब्ल्यू: नारिंगी काच, पिना नेमक्या समोरासमोर नाहीत, एक थोडी सरकलेली. हा पांढऱ्या भिंगाच्या आत असतो.
- डब्ल्यूवाय२१डब्ल्यू: टोपीच नाही, चपटं काचेचं बूड. दुकानात याला टी२० म्हणतात.
- डब्ल्यूवाय५डब्ल्यू: तसाच पण छोटा, फेंडरवरचा किंवा आरशातला. दुकानात टी१०.

पीवाय२१डब्ल्यूची पिन मुद्दाम सरकवलेली असते. पांढऱ्या भिंगात कुणी चुकून पांढरा बल्ब घालू नये, एवढाच तिचा उद्देश. तरी लोक कानस घेऊन एलईडीची पिन घासतात आणि बल्ब बळेच कोंबतात. घासलेला बल्ब होल्डरमध्ये डुगडुगतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो. त्र्यंबक रोडवर पावसाळ्यात एक फेरी मारली की याचा प्रत्यय येईल.

टोपीच्या तळाशी दोन ठिपके असतील आणि पिना वर-खाली असतील, तर तो पी२१/५डब्ल्यू, म्हणजे बहुधा ब्रेक आणि टेलचा एकत्र बल्ब. तुम्ही चुकीचा होल्डर उघडलाय. बंद करा, शेजारचा बघा.

## ३. खरेदी: चार गोष्टी बघायच्या, वॅट बघायचे नाहीत

पाकिटावर "१०० वॅट" लिहिलेलं असतं. एवढ्याशा बल्बातून १०० वॅट निघाले तर होल्डर वितळून हातात येईल. त्या आकड्याकडे बघूच नका.

रंग नारिंगीच घ्या, भिंग कुठल्याही रंगाचं असो. नारिंगी भिंगामागे पांढरा एलईडी चालेल असं वाटतं, पण पांढऱ्या एलईडीत निळा भाग मोठा असतो. नारिंगी भिंग तो गिळून टाकतं आणि बाहेर फिकट, मरतुकडा पिवळा येतो.

एलईडीचे दाणे बल्बच्या अंगावर चारही बाजूंनी हवेत, नुसते टोकाला नकोत. तारेचा बल्ब सगळीकडे प्रकाश टाकतो आणि मागची चकचकीत वाटी तो गोळा करून पुढे आणि बाजूला फेकते. दाणे फक्त टोकाला असले तर वाटी काळीच राहते. समोरून डोळे दिपतात आणि बाजूने काहीच दिसत नाही. द्वारका सर्कलला तुमच्या डाव्या अंगाला चिकटून आलेल्या दुचाकीवाल्याला इंडिकेटर बाजूनेच दिसायचा असतो. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची निवड हीच आहे.

लांबी आणि जाडी जुन्या बल्बइतकीच हवी. मागे पंख असलेला जाड बल्ब होल्डरमध्ये बसतो, पण लाइटच्या भोकातून आत जात नाही.

चौथं, पळणारा, मधेच पांढरा होणारा असला प्रकार घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर नारिंगी हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. शिवाय लाइटचं प्रमाणीकरण कंपनीने दिलेल्या बल्बसह झालेलं असतं. आत एलईडी घातला की ते जसंच्या तसं लागू राहत नाही. हे माहीत असू द्या आणि मूळ बल्ब फेकू नका. १५ वर्षांनी नोंदणी पुढे वाढवायला पेठ रोडच्या आरटीओत गाडी न्याल तेव्हा तेच घालून जा.

खरेदी दोन भागांत करा. आज फक्त एक बल्ब आणा. तो पुढच्या परीक्षेत पास झाला तरच बाकीचे.

## ४. सामान आणि जागा

मल्टिमीटर, साध्या छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प, १० नंबरचा पाना, स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, हीट श्रिंक नळी, क्रिंपिंग पक्कड किंवा सोल्डरिंगचं सामान, जुनी चादर. आणि एक माणूस. स्विच टाकून मागे धावत जायचं आणि परत पुढे यायचं, यात अर्धा दिवस जातो. शेजारच्या काकांना चहाचं आमिष दाखवा.

फक्त बल्ब बदलताना चावी काढलेली पुरेशी आहे. फ्लॅशर किंवा वायरला हात लावायचा असेल तर बॅटरीचा मायनस काढा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

थांबा: फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. १० अँपिअरच्या जागी २० घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

## ५. टेबलावरची परीक्षा

आणलेला एकुलता बल्ब गाडीत घालण्याआधी १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात घालून करंट मोजा. चांगल्या बल्बचा आकडा साधारण ०.३ ते ०.८ अँपिअरमध्ये येतो. सलग दहा मिनिटं पेटता ठेवा. सुरुवातीला लख्ख आणि नंतर डोळ्यांना कळेल इतका मंद झाला, तर त्याला स्वतःची उष्णता सोसत नाही. परत करा.

एलईडीला प्लस-मायनस असतं. टोपीच्या बल्बमध्ये ते ठरलेलं असतं, पण टी२० आणि टी१० दोन्ही बाजूंनी बसतात. पेटला नाही तर उलटा फिरवून घाला. "बल्ब खराब निघाला" म्हणून दुकानात परत गेलेल्यांपैकी कितीतरी बल्ब नुसते उलटे घातलेले असतात.

## ६. मागच्या लाइटमध्ये एकच बल्ब

डिक्की उघडा. टेललॅम्पच्या कडेला सहसा दोन स्क्रू किंवा नट असतात. ते काढले की लाइट सरळ मागे ओढायचा. बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या पत्र्यातल्या रबरात अडकलेल्या असतात, म्हणून लाइट थोडा अडतो. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. रंगही जातो आणि खुंटीही तुटते. दोन्ही हातांनी, समान ताकदीने, सरळ मागे.

होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की बाहेर येतो. टोपीचा बल्ब आधी आत दाबा, मग फिरवा. नुसता पिळला तर काच टोपीपासून सुटते.

होल्डरच्या आत बघा. हिरवट-पांढरा गंज असेल तर आत्ताच साफ करा. तारेचा बल्ब त्या गंजावर वर्षानुवर्षं चालला असेल, कारण त्याचा करंट मोठा होता. एलईडी तिथे नखरे करतो. लाइटमागची फोमची गादी फाटली असेल तर बदला, नाहीतर जूनपासून डिक्कीत तळं होईल.

एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला जुना बल्ब, असं ठेवून हॅझर्ड टाका. हॅझर्डमध्येही उघडझाप बिघडली तर घाबरू नका. आत्ता वेग नाही, प्रकाश बघायचाय.

तपासणी: भर दुपारी, उन्हात, दहा पावलं मागे उभे राहा. मग गाडीच्या कोपऱ्यापासून तिरके जा, निम्म्या काटकोनापर्यंत. दोन्ही बाजूंची तुलना करा. एलईडी कुठल्याही कोनात जुन्या बल्बपेक्षा फिका वाटला, तर तो बल्ब त्या वाटीसाठी नाही. संध्याकाळी बघून "भारी दिसतंय" म्हणू नका. अंधारात मेणबत्तीही भारी दिसते. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात दिसला तर खरा.

पास झाला? जुना बल्ब परत घाला आणि बाकीचे एलईडी आणायला जा. हो, जुना परत घाला. पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

## ७. पहिल्या गटातली गाडी: फ्लॅशर बदला, जुने बल्ब तसेच ठेवून

इथे बहुतेक जण उलट करतात. सगळे एलईडी घालतात, मग फ्लॅशर बदलतात, काहीच चालत नाही आणि दोष फ्लॅशरचा, बल्बचा की पिनांचा, ते कळत नाही. आधी नवा फ्लॅशर जुन्या बल्बांवर चालवा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक एलईडी फ्लॅशर करंट बघत नाहीत, म्हणून दोन्हीवर चालतात. डबीवर किती अँपिअर किंवा वॅटपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. हॅझर्डला तुमच्या दोन्ही बाजूंचे मिळून ९४ वॅट होतात, म्हणजे आठ अँपिअरच्या जवळपास. फ्लॅशर त्याहून मोठा हवा.

पिनांची भानगड नीट समजून घ्या. तीन पिना असतात: एकीला सप्लाय येतो, एक स्विचकडे जाते, एक अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली). जपानी पद्धतीच्या डबीवर बी, एल, ई लिहिलेलं असतं. युरोपीय पद्धतीवर ४९, ४९ए, ३१. दोन्हींत पिना दिसायला सारख्या पण जागा वेगळ्या असू शकतात. डबी सॉकेटमध्ये बसली म्हणजे जोडणी जुळली, असं समजू नका. सॉकेट स्वतः मोजा:

1. इंडिकेटरचा दांडा मधोमध, हॅझर्ड बंद. दांडा एका बाजूला राहिला तर बल्बच्या तारेतून अर्थ दिसतो आणि मीटर फसवतो.
2. चावी ऑन. जिथे बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट दिसतात ती सप्लायची पिन.
3. चावी बंद, बॅटरीचा मायनस काढलेला. मीटर कंटिन्युइटीवर. जी पिन बॉडीशी बीप करते ती अर्थ.
4. उरलेली स्विचकडे जाणारी.

हे नव्या डबीवरच्या अक्षरांशी जुळवा. जुळत नसेल तर सॉकेटमधल्या पिना बदलण्यापेक्षा योग्य क्रमाची डबी आणा. गाडीत मूळ फ्लॅशर दोनच पिनांचा असेल, तर नव्या डबीतून एक जादा काळी वायर येते. ती बॉडीच्या एखाद्या बोल्टखाली, रंग खरवडून, घट्ट आवळा. ती सैल राहिली की इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही.

तपासणी: जुन्या बल्बांवर डावा, उजवा, हॅझर्ड, आणि चावी काढून हॅझर्ड. चारही चालले तरच पुढे जा.

## ८. दुसऱ्या-तिसऱ्या गटातली गाडी: रेझिस्टर

एलईडीच्या जोडीने रेझिस्टर जादा करंट खातो, म्हणून गाडीला जुना बल्बच आहे असं वाटतं आणि वेग नेहमीचा राहतो. इथे क्रम उलटा आहे, लक्ष द्या. रेझिस्टर जोडून जुने बल्ब चालवायचे नाहीत. दोघांचा करंट मिळून दुप्पट होतो. हॅझर्डला १५ अँपिअरच्या वर जाऊन फ्यूज उडेल किंवा मॉड्यूल स्वतःला वाचवायला ती बाजू बंद करेल. आधी त्या बाजूचे एलईडी घाला, मग रेझिस्टर.

२१ वॅटच्या बल्बसाठी ६ ओहम, ५० वॅटचा, सोनेरी ॲल्युमिनिअमच्या कवचातला रेझिस्टर घ्या. हिशेब: इंजिन चालू असताना १४ व्होल्ट भागिले ६ ओहम, म्हणजे २.३ अँपिअर आणि सुमारे ३३ वॅट उष्णता. निम्मा वेळ तो बंद असतो, म्हणून सरासरी १६ वॅट धरा. घरातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून काय ते समजा. कवचावरचे ५० वॅट हे तो धातूच्या मोठ्या पत्र्यावर आवळला असतानाचे आहेत. हवेत लोंबकळत ठेवला तर हात भाजेल.

एका बाजूला आधी एकच रेझिस्टर, मागच्या लाइटजवळ. बऱ्याच गाड्यांना तेवढा पुरतो. वेग सुधारला नाही तर पुढे दुसरा.

जोडणी समांतर: एक टोक इंडिकेटरच्या प्लस वायरला, दुसरं अर्थला. रेझिस्टरला दिशा नसते. पण टेललॅम्पच्या सॉकेटमध्ये चार-पाच वायरी असतात, त्यातली इंडिकेटरची कोणती ते रंगावरून ठरवू नका. टेस्ट लॅम्प लावा. जी वायर लॅम्पला लुकलुकवते तीच. डिजिटल मीटर इथे आकडे नाचवत बसतो, म्हणून लॅम्प बरा.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटर किंवा जाड. सोल्डर करा किंवा नीट क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक. चिमट्यासारखे निळे टॅप वापरू नका. एक पावसाळा गेला की त्यांच्या आतली तांब्याची तार हिरवी पडते.

जागा: डिक्कीच्या आतल्या कव्हरमागचा उघडा पत्रा. तिथे आधीपासून असलेला बोल्ट किंवा भोक वापरा. नवीन भोक पाडायची घाई नको, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. कार्पेट, फोम, वायरींचा जुडगा आणि प्लास्टिक यांपासून चार बोटं अंतर. टेप नाही, केबल टाय नाही, फक्त स्क्रू.

थांबा: डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर रेझिस्टर डिक्कीत बसवूच नका. हे काम सीएनजीच्या गाड्या करणाऱ्या ऑटो वायरमनकडे द्या, किंवा जुन्या बल्बवरच समाधान माना.

"कॅनबस" लिहिलेले बल्ब म्हणजे आत छोटा रेझिस्टर असलेले बल्ब. वायर कापावी लागत नाही, हा फायदा खरा. पण ती सगळी उष्णता बंद लाइटच्या आत, एलईडीच्या पाठीशी साठते, म्हणून ते लवकर जातात. फेंडरवरच्या ५ वॅटच्या जागी चालवून घ्या. मुख्य इंडिकेटरला मी वापरत नाही.

## ९. बाकीचे बल्ब, एकेक करून

आता एलईडी भराभर बसतील. तरी एका वेळी एकच बदला आणि प्रत्येकानंतर स्विच टाकून बघा.

पुढचा होल्डर हेडलाइटच्या मागे असतो. हात जात नसेल तर स्टिअरिंग वळवून त्या बाजूचं चाक आत घ्या आणि चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराचे दोन-तीन क्लिप काढून तिथून हात घाला. काही गाड्यांत बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा हलवावा लागतो. फेंडरवरचा छोटा लाइट एका बाजूला सरकवून बाहेर येतो. कुठल्या बाजूला ते बळजबरीशिवाय दोन्हीकडे हलवून बघा. बल्ब बाहेर आला की होल्डर फेंडरमध्ये पडू देऊ नका. तो परत काढायला अर्धा तास जातो.

रबर सील जागेवर बसलं का, ते बोट फिरवून बघा.

## १०. रस्त्यावर जाण्याआधी

- १५ सेकंद घड्याळ लावून मोजा. उघडझाप १५ ते ३० वेळा झाली पाहिजे. डावी आणि उजवी वेगळी मोजा.
- इंजिन चालू, हेडलाइट चालू, मग इंडिकेटर.
- ब्रेक दाबून इंडिकेटर. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर हळूच पेटून राहत असेल तर टेललॅम्पचा अर्थ खराब आहे.
- एफएम लावा. इंडिकेटरच्या तालावर खरखर आली तर बल्बच्या आतलं सर्किट स्वस्तातलं आहे.
- लाइटवर पाइपने पाणी मारा, दहा मिनिटांनी आत वाफ धरते का बघा.
- रेझिस्टर बसवला असेल तर इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं हॅझर्ड. मग रेझिस्टरला हात न लावता त्याच्या आसपासचं प्लास्टिक आणि कव्हर चाचपा. गरम लागलं तर जागा बदला.

शेवटची परीक्षा कुणीच करत नाही. माझा रेझिस्टर नेमका कसारा घाटात, पंक्चर काढताना, हॅझर्ड चालू असताना प्लास्टिक वितळवत बसला होता. आणि घाटाचा विषय निघालाच आहे तर, धुकं पडलं की चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणाऱ्यांनी एवढं करावं: लावू नयेत. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय, काहीच कळत नाही.

## तरीही गडबड असेल तर

स्विच बंद असताना एलईडी अंधुक पेटतो: कुठून तरी थोडासा करंट झिरपतोय. तारेच्या बल्बला तो जाणवत नव्हता. आधी होल्डर आणि अर्थ साफ करा.

डावा टाकला तर चारही लुकलुकतात: मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी एकच दिवा असलेल्या जुन्या गाड्यांत आणि मोटरसायकलींत हे हमखास होतं. तो दिवा दोन्ही बाजूंच्या मधे जोडलेला असतो आणि पलीकडच्या बल्बमधून अर्थ घेतो. पलीकडे एलईडी आला की तोही पेटतो. उपाय: त्या दिव्याची एक बाजू थेट अर्थला आणि दुसऱ्या बाजूला डाव्या-उजव्याकडून येणारे दोन डायोड. वायरमनकडे अर्ध्या तासाचं काम.

एकच बाजू वेगाने चालते: त्या बाजूचा एखादा बल्ब उलटा बसलाय किंवा रेझिस्टरचा अर्थ सुटलाय. दुसरी बाजू ठीक आहे म्हणजे फ्लॅशरला हात लावू नका.

वेग बरोबर, पण मधेच एक उघडझाप चुकते: टी२०च्या होल्डरमधल्या पितळी पट्ट्या सैल पडल्यात. चिमट्याने किंचित आत वाकवा.

एलईडी फ्लॅशर किंवा रेझिस्टर बसवल्यावर बल्ब गेला की वेग वाढून मिळणारा इशारा बहुधा बंद होतो. मीटरवरचा बाण नेहमीसारखाच लुकलुकत राहतो आणि मागचा दिवा महिनाभर मेलेला असतो. म्हणून दर रविवारी गाडी पुसताना हॅझर्ड लावून एक फेरी मारा. जुने बल्ब टिश्यूत गुंडाळून पान्यासोबत डिक्कीत ठेवा. एखादा एलईडी बाहेरगावी गेला, तर एलईडी फ्लॅशर असलेल्या गाडीत तो जुना बल्ब तसाच घालता येतो. रेझिस्टर असलेल्या गाडीत घालायचा असेल, तर आधी त्या बाजूच्या रेझिस्टरची एक वायर सोडवून तिच्या टोकावर टेप लावा.